फवारणी ड्रोनच्या प्रोपेलरभोवतीची हवा: पात्याचा प्रश्न वेगळा, झोताचा वेगळा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा रोटरच्या आणि टाकी भरल्यावर 25 किलो भरणाऱ्या फवारणी ड्रोनसाठी 22 इंची, दोन पात्यांचा प्रोपेलर निवडला आहे. मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या वेगाने तो फिरत असताना सीएफडीमध्ये (हवेच्या प्रवाहाच्या संगणकीय आकडेमोडीमध्ये), फिरत्या संदर्भचौकटीच्या म्हणजे एमआरएफ पद्धतीने, 47 न्यूटन थ्रस्ट, म्हणजे वर उचलणारे बल, आणि 1.66 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, मिळतो. पुण्याजवळच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी, 38 अंश तापमानात घेतलेल्या चाचणीत मात्र 41 न्यूटन आणि 1.33 न्यूटन-मीटर एवढेच भरतात. अशा वेळी मेश, म्हणजे आकडेमोडीसाठी हवेचे छोट्या पेशींत पाडलेले जाळे, आणखी बारीक करावी की पात्याबरोबर प्रत्यक्ष फिरणाऱ्या सरकत्या मेशकडे वळावे, आणि पिकावर पडणाऱ्या झोताचा अंदाजही याच मॉडेलमधून घेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मेशला हात लावण्याआधी हवेची घनता तपासा. सॉफ्टवेअरमध्ये घनमीटरला 1.225 किलो हे प्रमाण मूल्य बहुधा आधीच भरलेले असते. ते समुद्रसपाटीचे आणि 15 अंश तापमानाचे मूल्य आहे. सुमारे 550 मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण 949 हेक्टोपास्कल असतो आणि 38 अंशांना त्या हवेची घनता 1.06 च्या आसपास येते. फेऱ्या तेवढ्याच असतील तर थ्रस्ट आणि टॉर्क दोन्ही घनतेच्या प्रमाणात बदलतात, त्यामुळे तुमचे 47 न्यूटन 40.7 होतात आणि 1.66 न्यूटन-मीटर 1.44 वर येतात. थ्रस्टमधली तफावत जवळजवळ मिटली; टॉर्कमध्ये मात्र आठ टक्के शिल्लक राहिले. अनेक वर्षांपूर्वी मी ज्या गटात होतो तिथे नेमक्या याच चुकीपायी आम्ही तीन आठवडे मेश बारीक करत बसलो होतो, आणि शेवटी एका सहकाऱ्याने शेडच्या भिंतीवरचा तापमापक दाखवला तेव्हा उलगडा झाला. म्हणून आता कोणतीही तुलना समोर आली की मी आधी तापमान, दाब आणि उंची विचारतो. सियाचिनच्या चौक्यांना रसद पोहोचवणारे चीता हेलिकॉप्टर तिथे किती वजन नेऊ शकेल, हेदेखील इंजिनाइतकेच या घनतेवर ठरते.

उरलेले आठ टक्के टॉर्क कुठून आले, हा खरा वायुगतिकीचा प्रश्न आहे. तुमच्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 117 मीटर आहे, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या एक तृतीयांश. त्यामुळे हवा दाबली जाण्याचा परिणाम बाजूला ठेवता येतो. पण पात्याची रुंदी, म्हणजे कॉर्ड, चार सेंटिमीटर धरली तर तीन चतुर्थांश त्रिज्येवर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे हवेचे जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर, दोन लाखांच्या आसपास भरतो, आणि हा टप्पा फार अवघड आहे. इथे पात्याच्या पुढच्या कडेपासून बऱ्याच अंतरापर्यंत प्रवाह स्तरीय, म्हणजे थराथराने शांत वाहणारा, राहतो, मग तो पृष्ठभागापासून किंचित सुटतो, प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळता, होतो आणि पुन्हा चिकटतो. तुम्ही वापरलेले के-ओमेगा एसएसटी हे प्रक्षुब्धतेचे मॉडेल मूळ स्वरूपात प्रवाह पहिल्यापासूनच प्रक्षुब्ध आहे असे गृहीत धरते, आणि त्यामुळे घर्षणाचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते. लिफ्टवर, म्हणजे पात्याच्या उचलीवर, याचा परिणाम थोडा आणि टॉर्कवर ठळक होतो. तुमच्या आकड्यांमध्ये दिसते ते हेच आहे. स्तरीय ते प्रक्षुब्ध या संक्रमणाचे समीकरण जोडलेले मॉडेल वापरा आणि पृष्ठभागालगतच्या पहिल्या थराची जाडी टोकाकडे काही मायक्रॉनपर्यंत उतरवा. ते शक्य नसेल, तर निदान एक्सफॉइल या छेदांचे गणित करणाऱ्या आज्ञावलीत पात्याच्या चार-पाच छेदांचा ड्रॅग दोन्ही गृहीतकांनी काढून फरक किती पडतो ते पाहा.

थ्रस्ट जुळला म्हणून मॉडेल बरोबर आहे, असे मात्र लगेच मानू नका. तुमच्या आकाराच्या रोटरमध्ये पात्याचा कोन एका अंशाने बदलला तर थ्रस्ट आठ-नऊ टक्क्यांनी बदलतो, असे साधे गणित सांगते. घडीची पाती बिजागरीत किती ढिली आहेत, फिरताना ती किती पिळली जातात आणि स्कॅन करून घेतलेला आकार मूळ पात्याशी किती जुळतो, या तिन्ही गोष्टींत एवढा फरक सहज दडून राहू शकतो. दोन चुका एकमेकींना खोडून काढत आहेत आणि आपण समाधानी आहोत, असे या कामात वारंवार घडते. म्हणून फक्त 4000 फेऱ्यांचा एक बिंदू जुळवू नका. 2500 ते 5000 फेऱ्यांपर्यंतची पूर्ण रेषा काढा. फेऱ्या वाढतील तसा थ्रस्टचा गुणांक, म्हणजे फेऱ्यांच्या वर्गाच्या तुलनेतला थ्रस्ट, सावकाश घसरत गेला, तर पात्याच्या पिळाचा संशय घ्यायला आधार आहे.

आता पद्धतीच्या निवडीकडे वळतो. रोटरचे गणित अवघड होते ते पात्यामुळे नव्हे, तर पात्याने मागे टाकलेल्या हवेमुळे. विमानाचा पंख आपली मागची हवा मागे सोडून पुढे निघून जातो. जागेवर तरंगणाऱ्या रोटरचे पाते मात्र अर्ध्या फेरीनंतर, दुसऱ्या पात्याने नुकत्याच ढवळलेल्या हवेवरूनच जाते. त्या हवेचा खाली जाण्याचा वेग जितका अचूक कळेल, तितका पात्यावरचा भार अचूक कळेल. सगळ्या पद्धतींमधला फरक हा खाली जाण्याचा, म्हणजे प्रेरित, वेग त्या कसा शोधतात, एवढाच आहे.

सर्वांत जुनी पद्धत रँकिन यांनी 1865 साली मांडली आणि पुढे फ्रूड यांनी विकसित केली. तिच्यात रोटर म्हणजे हवेला खाली ढकलणारी एक पातळ चकती असते. तिला आज कोणी कमी लेखू नये, कारण सीएफडी सुरू होण्याआधी उत्तर कुठे असायला हवे हे ती एका ओळीत सांगते. तुमच्या प्रत्येक रोटरला 41 न्यूटन उचलायचे आहेत आणि चकतीचे क्षेत्रफळ 0.245 चौरस मीटर आहे. थ्रस्टला घनता आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागून वर्गमूळ घेतले, की चकतीतून जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला 8.9 मीटर मिळतो. आणि आदर्श स्थितीत खाली गेल्यावर तो दुप्पट, म्हणजे सुमारे 17.7 मीटर होतो. लागणारी किमान शक्ती 363 वॅट आहे, आणि तुमच्या चाचणीतली शक्ती 557 वॅट आहे. या दोहोंचे गुणोत्तर 0.65 येते, जे या आकाराच्या प्रोपेलरसाठी पटण्यासारखे आहे. ते 0.85 आले असते, तर मी चाचणीच्या टॉर्कमापकावर शंका घेतली असती.

चकतीला पात्यांची संख्या माहीत नसते. ती उणीव पात्याचे छोटे तुकडे करून प्रत्येकाचा लिफ्ट आणि ड्रॅग मोजण्याच्या पद्धतीने भरून निघते. टोकाजवळ लिफ्ट शून्याकडे का जाते, यासाठीची दुरुस्ती प्रांटल यांनी 1919 साली बेट्झ यांच्या प्रोपेलरवरील कामाला जोडून दिली, आणि ती आजही बहुतेक सर्व आज्ञावलींमध्ये आहे. एक्सरोटरसारखे मोफत साधन याच कुळातले आहे. ही पद्धत साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत चालते, त्यामुळे पात्याचा कोन, पिळ आणि व्यास ठरवण्यासाठी शेकडो पर्याय तपासणे शक्य होते. ते काम सीएफडीवर करणे मला वेळेचा आणि विजेचा अपव्यय वाटतो. या पद्धतीत एकच जागा जपून हाताळावी लागते, ती म्हणजे मुळाजवळचा भाग. फिरण्यामुळे तिथल्या पृष्ठभागालगतची हवा टोकाकडे सरकते आणि स्टॉल, म्हणजे प्रवाह सुटून लिफ्ट ढासळणे, लांबतो, हे हिमेल्सकांप यांनी 1940च्या दशकात दाखवले होते. स्थिर एअरफॉइलचे, म्हणजे न फिरणाऱ्या पात्याच्या छेदाचे, आकडे तसेच वापरले तर मुळाकडचा लिफ्ट कमी दिसतो.

यापुढची पायरी भोवऱ्यांची आहे, आणि माझ्या मते रोटर समजून घ्यायचा असेल तर सर्वाधिक वेळ इथे द्यायला हवा. प्रत्येक पात्याच्या टोकातून एक घट्ट भोवरा सुटतो आणि मळसूत्रासारखा खाली उतरतो. तरंगत्या रोटरमध्ये तो एकसारख्या वेगाने खाली जात नाही. दुसरे पाते डोक्यावरून जाईपर्यंत तो अगदी सावकाश उतरतो आणि त्यानंतर एकदम वेग घेतो. शिवाय तो आतल्या बाजूला आखडतो. आदर्श सिद्धांतानुसार झोताची त्रिज्या रोटरच्या 0.71 पट व्हायला हवी, पण प्रयोगांत ती 0.78 च्या आसपास आढळते. परिणामी येणाऱ्या पात्याला आधीच्या पात्याचा भोवरा टोकाच्या किंचित आत आणि अगदी जवळून भेटतो. त्याच्या आतल्या बाजूची हवा खाली लोटली जाते, बाहेरच्या बाजूची वर येते, आणि टोकाच्या पट्ट्यात भार अचानक वाढतो. साध्या चकतीला किंवा पात्याच्या तुकड्यांना ही भेट दिसतच नाही. मुक्त भोवऱ्यांची पद्धत, ज्यात भोवऱ्याची दोरी स्वतःच्या आणि इतरांच्या प्रेरित वेगाने स्वतःच आपली जागा शोधते, ती मात्र हे बरेच चांगले दाखवते, आणि तेही सीएफडीच्या तुलनेत फार थोड्या खर्चात.

सीएफडीमध्ये हाच भोवरा टिकवणे सर्वांत कठीण असते. टोकाच्या भोवऱ्याचा गाभा सुरुवातीला कॉर्डच्या जेमतेम पाच-दहा टक्के असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन ते चार मिलिमीटर. त्या गाभ्यात निदान दहा पेशी हव्यात असे म्हटले, तर भोवऱ्याच्या सगळ्या वाटेवर पेशीचा आकार अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान ठेवावा लागेल. पेशी मोठी असली की आकडेमोडच भोवऱ्याला पसरवून टाकते आणि दुसऱ्या पात्याला भेटण्याआधीच तो विरघळतो. एकूण थ्रस्ट तरीही ठीक येऊ शकतो, पण टोकाकडचा भार चुकीचा असतो आणि त्यावर बेतलेला आवाजाचा किंवा कंपनाचा अंदाजही चुकतो. म्हणून मेश बारीक करायचीच असेल, तर ती सगळीकडे न करता टोकापासून खाली पहिल्या एक-दोन फेऱ्यांच्या वाटेवर करा.

तुमची मांडणी विश्वासार्ह आहे की नाही, हे स्वतःच्या प्रोपेलरवर तपासू नका. कॅराडोना आणि टंग यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेला नासाच्या एम्स केंद्रातला प्रयोग त्यासाठी आजही सर्वांत सोयीचा आहे. दोन पाती, पिळ नाही, छेद नाका 0012 हा प्रमाणित सममित आकार, त्रिज्या 1.143 मीटर, कॉर्ड 19.05 सेंटिमीटर, असा मुद्दाम साधा ठेवलेला तो रोटर होता. पात्यावरच्या पाच जागांचा दाब आणि टोकाच्या भोवऱ्याची वाट या दोन्ही गोष्टी त्यात मोजलेल्या आहेत. आठ अंश कोनाचे प्रकरण घ्या आणि दाबाचे आलेख जुळवा. त्या रोटरचा रेनॉल्ड्स अंक तुमच्यापेक्षा खूप मोठा आहे, तेव्हा संक्रमणाच्या मॉडेलची परीक्षा त्यात होणार नाही. पण मेश, सीमा आणि फिरत्या भागाची हद्द यांतल्या चुका तिथे उघड्या पडतात.

एमआरएफबद्दल तुम्हाला वाटणारी शंका अर्धी रास्त आहे. या पद्धतीत पाते प्रत्यक्षात हलत नाही; त्याभोवतीच्या दंडगोलातली समीकरणे फिरत्या चौकटीत सोडवली जातात आणि उत्तर एका स्थिर क्षणाचे असते. एकटा रोटर जागेवर तरंगत असेल, तर पात्याबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाला प्रवाह जवळजवळ स्थिरच दिसतो, त्यामुळे थ्रस्ट आणि टॉर्कसाठी ही पद्धत पुरेशी आहे, आणि चाचणीच्या स्टँडशी तुलना करायला तुम्हाला सरकती मेश लागत नाही. रोटरखाली ड्रोनची भुजा आली, किंवा ड्रोन पुढे जाऊ लागला, की ही सोय संपते. पाते भुजेवरून जाताना भार क्षणभर बदलतो, आणि एमआरएफ मात्र पाते ज्या जागी गोठवले असेल त्या एकाच स्थितीचे उत्तर देते. झोत अडवल्याचे नुकसान किती मोठे असू शकते याची कल्पना यावी म्हणून सांगतो, की ओस्प्रे या कलत्या रोटरच्या विमानात तरंगताना पंखांवर पडणारा झोत थ्रस्टचा सुमारे दहावा भाग खाऊन टाकतो. तुमची भुजा बारीक आहे, पण तिचे नुकसान शून्य नाही, आणि ते मोजायचे असेल तर सरकती मेशच हवी.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र स्पष्टपणे नाही असे आहे. पात्यावरचा पृष्ठभागालगतचा थर सोडवणाऱ्या मॉडेलमधून पिकावरचा झोत काढण्याचा प्रयत्न करू नका. हिशेब करून पाहा. एक फेरी 0.015 सेकंदात होते. अडीच मीटर खालच्या पिकापर्यंत झोत पोहोचायला दहा-बारा फेऱ्या लागतात, आणि प्रवाह स्थिरावून त्याची सरासरी घ्यायची तर पन्नासाहून अधिक. एका पावलाला एक अंश धरला तरी 18,000 पावले झाली, आणि तीही सहा रोटरसाठी, काही मायक्रॉनच्या पेशींसह. एवढे करूनही अडीच मीटर खाली पोहोचेपर्यंत पात्यांचा ठसा झोतात जवळजवळ उरलेला नसतो. तिथे फक्त एवढेच शिल्लक असते: किती संवेग, कोणत्या त्रिज्येवर, किती गिरकीसह खाली आला.

म्हणून इथे पुन्हा चकतीकडेच परत यावे लागते, फक्त ती सीएफडीच्या आत ठेवायची. पात्याच्या तुकड्यांच्या पद्धतीतून किंवा तुमच्या तपासलेल्या एमआरएफमधून त्रिज्येनुसार थ्रस्ट आणि टॉर्क काढा आणि ते चकतीच्या पेशींमध्ये बल म्हणून भरा. बल सगळीकडे समान वाटू नका. खऱ्या रोटरमध्ये बहुतेक भार बाहेरच्या अर्ध्या भागावर असतो आणि झोत मधून पोकळ निघतो. टॉर्कची गिरकीही सोडू नका, कारण शेजारचे रोटर उलट दिशांना फिरतात आणि दोन झोतांच्या मधली हवा कुठे वळेल हे त्यावर अवलंबून असते. सहा झोत जमिनीवर आदळले की त्यांच्या मधल्या जागेतून हवा कारंज्यासारखी वर उसळते आणि बारीक थेंब ड्रोनच्या पोटाखाली उचलून नेते. हे चकतीच्या मॉडेलमध्ये नीट दिसते. जमिनीच्या जवळिकीसाठी चीझमन आणि बेनेट यांचे 1955चे सूत्र लावण्याचा मोह होईल, पण एका रोटरसाठी ते अडीच मीटरवर एक टक्क्याचाही फरक दाखवत नाही. सहा झोतांच्या एकत्र वागणुकीबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय सोयाबीनचे किंवा उसाचे पीक म्हणजे फरशी नव्हे. त्याला हवेला विरोध करणारा सच्छिद्र थर म्हणूनच मांडावे लागते.

थेंबांच्या बाबतीत आकडे बोलके आहेत. 200 मायक्रॉनचा पाण्याचा थेंब शांत हवेत सेकंदाला सुमारे 0.7 मीटरने पडतो आणि 100 मायक्रॉनचा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने. त्याच्याभोवतीचा झोत सेकंदाला दहा-पंधरा मीटर वेगाचा आहे. थेंब पडत नाही, नेला जातो. ड्रोन सेकंदाला 5 मीटर वेगाने पुढे जाऊ लागला की प्रेरित वेग 8.9 वरून 8.2 पर्यंत उतरतो आणि झोत उभ्या रेषेपासून सुमारे 31 अंश मागे कलतो. बाहेरच्या कडांचे भोवरे विमानाच्या पंखामागे तयार होतात तशा दोन मोठ्या भोवऱ्यांत गुंडाळले जातात. नोझल कडेला लावले, तर थेंब याच भोवऱ्यांत सापडून शेजारच्या शेतापर्यंत जातात. द्राक्षबागेलगत तणनाशक फवारताना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. नोझल आत किती घ्यायचे, हे चकतीच्या मॉडेलवर पाच-सहा जागा तपासून ठरवता येते.

एक गोष्ट मी अनेक सिम्युलेशनमध्ये सुटलेली पाहिली आहे. दहा लिटरची टाकी रिकामी होत जाते तसे ड्रोनचे वजन 25 किलोवरून 15 किलोवर येते, आणि प्रेरित वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात 8.9 वरून 6.9 वर उतरतो. म्हणजे पहिल्या ओळीवर आणि शेवटच्या ओळीवर पडणाऱ्या झोतात बावीस टक्क्यांचा फरक आहे. भरल्या टाकीचे एकच प्रकरण चालवून नोझलची जागा ठरवली, तर शेवटच्या फेऱ्यांत पानांच्या खालच्या थरापर्यंत औषध पोहोचण्याचा अंदाज हमखास चुकतो. निदान भरलेली, अर्धी आणि रिकामी अशी तीन प्रकरणे चालवा आणि प्रत्येकात रोटरांचा थ्रस्ट त्या वेळच्या वजनाशी जुळवून घ्या. पुढे जाताना मागचे रोटर पुढच्यांपेक्षा किंचित जास्त भार घेतात, तोही फरक भरा.

चाचणीच्या स्टँडबद्दल दोन सूचना राहिल्या. बंद शेडमध्ये झोत भिंतींवर आपटून वरून पुन्हा रोटरमध्ये येतो आणि मिनिटभरात मोजलेला थ्रस्ट घसरू लागतो. दारे उघडी ठेवा आणि पहिल्या दहा सेकंदांचे आकडे शेवटच्या दहा सेकंदांशी ताडून पाहा. शक्य असल्यास प्रोपेलर उलटा बसवून झोत वर सोडा, म्हणजे स्टँडच्या खांबावर पडणाऱ्या झोताचा हिशेब करावा लागणार नाही. पिकावरच्या झोताची तपासणी मात्र शेतातच करा. पाण्याने रंग बदलणारे कागद झाडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पानांवर लावून ड्रोन एकदा भरल्या टाकीने आणि एकदा जवळजवळ रिकाम्या टाकीने त्याच ओळीवरून न्या, आणि वाऱ्याचा वेग त्याच वेळी लिहून ठेवा.